डोंगरधारेवरचा डबा आणि बुरुड राजाचा कोट

खेळांचे उगम बहुधा दंतकथांत हरवलेले असतात. जिओकॅशिंग या खेळाची जन्मतारीख मात्र नेमकी सांगता येते. १ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकेने आपल्या जीपीएस उपग्रहांच्या संदेशांत मुद्दाम मिसळलेली अशुद्धता काढून टाकली. तोवर सामान्य नागरिकाच्या हातातले यंत्र स्थान सांगताना शंभर मीटरांपर्यंत चुकत असे. त्यानंतर ही चूक दहा-वीस मीटरांवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या संगणक-सल्लागाराने ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीक येथील रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली. तीत एक वही, पेन्सिल, काही पुस्तके, चित्रफिती, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा, असा किरकोळ ऐवज होता. मग त्याने त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. नियम एकच होता: सापडेल त्याने काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस या खेळाला आजचे नाव मिळाले आणि पुढे तो जगभर पसरला. ऑस्ट्रेलियातील रानवाटा असोत की युरोपातील डोंगरधारा, पाठीवर पिशवी आणि हाती यंत्र घेतलेली मंडळी दगडांच्या बेचक्यांत हात घालून डबे शोधू लागली.

हा केवळ यंत्रयुगाचा चाळा आहे असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. तथापि त्याला पूर्वज आहेत. इंग्लंडमधील डार्टमूर या ओसाड माळरानावर क्रॅनमीर पूल नावाची एक दुर्गम जागा आहे. तेथे जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून येणाऱ्याने तीत आपले ओळखपत्र टाकून जावे, एवढाच हेतू. त्या बाटलीतून ‘लेटरबॉक्सिंग’ची परंपरा निघाली आणि ती आजही टिकून आहे. म्हणजे उपग्रहांच्या दीडशे वर्षे आधीही माणसाला दुर्गम जागी काही ठेवावे, त्याचा पत्ता इतरांस द्यावा आणि मागून येणाऱ्याशी न भेटता भेटावे असे वाटत होते.

या खेळात तीन क्रिया आहेत: ठेवणे, पत्ता सांगणे आणि शोधून झाल्यावर परत जागच्या जागी ठेवणे. पहिल्या दोन क्रियांवर बरेच लिहिले गेले आहे. आम्हांस तिसरी अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिचा विचार करण्यास वसई तालुक्याइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल.

राजोडीच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभे राहिले की पूर्वेस सुरूची झाडे, वाड्या, मग नालासोपारा-विरारच्या इमारतींची रांग आणि तिच्याही मागे तुंगारेश्वरची डोंगररांग दिसते. विरारजवळ जीवदानीचा डोंगर तेवढा पुढे आलेला. त्याच्या पोटात कोरीव लेणी आणि पाण्याची टाकी. आग्नेयेस कामणदुर्ग. उत्तरेला अर्नाळ्याचा जलदुर्ग, दक्षिणेला कळंब आणि भुईगाव. या सगळ्याच्या मधोमध सोपारा, म्हणजे महाभारताच्या वनपर्वात आणि बौद्ध अवदानकथांत येणारे शूर्पारक. एका दिवसाच्या चालीत मावणाऱ्या या टापूत दोन हजार वर्षांत ठेवण्याचे, शोधण्याचे आणि उचलून नेण्याचे जे प्रकार घडले, ते पाहिले की जिओकॅशिंगचा नियम खेळापुरता राहत नाही.

प्रथम डोंगरधारेविषयी. मराठीत डोंगराच्या अंगांसाठी धार, सोंड, दांड, खिंड, घळ, नाळ, कडा, माची, नेढे असे शब्द आहेत. हे शब्द हाच एके काळचा नकाशा होता. ‘सोंडेवरून चढा, खिंडीतून डावीकडे वळा, टाक्यापाशी थांबा’ असे सांगणारा माणूस अक्षांश-रेखांशच देत असतो. फक्त ते वाचण्यासाठी ऐकणाऱ्याला डोंगर ठाऊक असावा लागतो. खिंडीतल्या ढिगाऱ्यावर येणाऱ्याजाणाऱ्याने एक दगड ठेवून पुढे जावे ही जुनी रीत म्हणजे स्वाक्षरीविना केलेली नोंदच. आणि सह्याद्रीच्या माथ्यावर ठेवलेले भांडे पाहायचे तर नाणेघाटात जावे. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणाऱ्या या वाटेच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकली जाई, असे परंपरा सांगते. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिच्याशी जोडला जाणारा दीर्घ शिलालेख यज्ञांची आणि दानांची मोजदाद करतो. माथ्यावरचे भांडे आणि त्याशेजारची नोंदवही, दोन्ही तेथे दगडातच आहेत.

डोंगरमाथ्याला आकड्यांचा पत्ता मिळाला तो एकोणिसाव्या शतकात. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरू केलेले काम १८१८ पासून ‘ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट १८२२ साली मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची साखळी नेण्यास निघाला. जानेवारी १८२३ मध्ये वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे लॅम्बटन वारला, त्यामुळे ते काम तेव्हा थांबले. त्याची कबर आजही तेथे आहे. पुढे ही साखळी इतरांनी पूर्ण केली. या सर्वेक्षणाची पद्धत आमच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. माथ्यावर ठाणे निश्चित झाले की कातळावर किंवा दगडावर एक वर्तुळ आणि त्यात एक बिंदू कोरला जाई. पुष्कळदा तसाच दुसरा दगड त्याच्या बरोबर खाली पुरला जाई, म्हणजे वरचा कोणी हलविला तरी खालचा खरी जागा सांगेल. वर चौथरा किंवा दगडांचा ढीग रचला जाई. पुढे अशा ठाण्यांची देखरेख स्थानिक अधिकाऱ्यांवर सोपविण्यात आली. अर्थात, डोंगरधारेवर खूण पुरून तिचे अक्षांश-रेखांश वहीत नोंदविण्याचे काम सरकारने जिओकॅशिंगच्या पावणेदोनशे वर्षे आधीच केले होते. फरक एवढाच की त्या वहीवर वाटसरूचा हक्क नव्हता.

तो बराच काळ मिळालाही नाही. स्वातंत्र्यानंतरही समुद्रकिनाऱ्यालगतच्या प्रदेशाचे तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणाने सर्वसामान्यांच्या हाती पडत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने काही दारे उघडली आणि १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी बहुतेक बंधने दूर केली. राजोडीच्या माणसाला आपल्या दारातून दिसणाऱ्या डोंगराचे नाव, देव आणि वाट माहीत होती. त्याच डोंगराचा आकड्यांतला पत्ता मात्र अनेक वर्षे कपाटात बंद होता. परदेशी उपग्रहाने तो एका रात्रीत खुला केला, हा या खेळाच्या इतिहासातला आमच्याकडचा भाग फारसा कोणी सांगत नाही.

आता डोंगरावरून सोपाऱ्याकडे वळू. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. १९५६ साली राजोडीच्या दक्षिणेस भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. अशोकाचे लेख म्हणजे लपविलेल्या वस्तू नव्हेत. सर्वांनी वाचावे म्हणून ते कोरले होते. पण कालांतराने ब्राह्मी लिपीच विस्मरणात गेली, दगड फुटले आणि जाहीर केलेली गोष्ट आपोआप लपली. या दोन लेखांचा विषयही लक्षणीय आहे. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, शिकारीसारख्या करमणुकी करीत. आपण मात्र अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केल्या. नवव्यात तो लोकांच्या मंगलविधींची यादी देतो आणि त्यांत प्रवासाला निघतानाच्या विधीचाही उल्लेख करतो. चालण्यामागचा हेतू बदलता येतो, हे या बंदरात दगडावर लिहून ठेवले होते. डोंगरात करमणुकीसाठी जाणे आणि काही समजून घेण्यासाठी जाणे यांतला भेद आपण आज नव्याने मांडतो, असे वाटत असेल तर या तुकड्यांचे स्मरण ठेवावे.

सोपाऱ्याची खरी ठेव मात्र वेगळीच होती. गावालगत एक मोठे टेकाड होते. लोक त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपे विणणारा. असा कोणी राजा इतिहासाला ठाऊक नाही आणि तेथे कोटही नव्हता. पण येथे काहीतरी राजेशाही आहे, एवढी आठवण नावाने धरून ठेवली होती. भगवानलाल १८३९ साली जुनागढ येथे जन्मले, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी देशभर पायी हिंडून शिलालेखांचे ठसे घेतले होते. इंग्रजी शिक्षणाची शिडी त्यांच्यापाशी नव्हती. ते गुजरातीत लिहीत आणि त्यांच्या लेखनाचे इंग्रजी भाषांतर बहुधा इतर विद्वान करीत. टेकाडाचा घाट पाहून हा स्तूप असावा असा त्यांनी तर्क केला आणि एप्रिल १८८२ मध्ये उत्खनन झाले. मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांचे त्यांना साहाय्य होते.

विटांच्या बांधकामाच्या मध्यभागी एक गोल दगडी पेटी निघाली. तिच्यात मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती ब्राँझच्या आठ लहान बुद्धमूर्ती होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्यात सोन्याचा. आणि या सर्वांच्या आत, सोन्याच्या करंडकात, मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून जपले गेले असावेत, असे अनुमान भगवानलालांनी केले. सोबत सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे एक चांदीचे नाणे होते.

मौल्यवानतेची चढती भाजणी करीत आत जावे आणि अखेरीस मातीपाशी पोहोचावे, या रचनेचा अर्थ साहित्याच्या विद्यार्थ्यास वेगळा सांगावयास नको. परंतु आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते दुसऱ्या गोष्टीकडे. यज्ञ सातकर्णीचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. आठ मूर्ती मात्र अभ्यासक सामान्यतः आठव्या-नवव्या शतकातील मानतात. त्यांत मागील सात बुद्ध, विपश्यीपासून शाक्यमुनीपर्यंत, आणि आठवा अजून यायचा असलेला मैत्रेय. दोन काळांचे हे अंतर खरे धरले तर त्यातून निघणारा निष्कर्ष विलक्षण आहे. पेटी बंद झाल्यावर सुमारे सहाशे वर्षांनी कोणीतरी ती उघडली. आतले सोने पाहिले. ते नेले नाही. भोवती आठ मूर्ती मांडल्या आणि पेटी पुन्हा बंद केली.

हा जिओकॅशिंगचा नियम अक्षरशः पाळला गेल्याचा पुरावा होय, असे म्हणण्याचा मोह होतो. तो थोडा आवरला पाहिजे. त्या अनाम उपासकांपुढे खेळ नव्हता, पूजा होती. त्यांनी काही घेतले नाही, केवळ ठेवले. त्यांच्या दृष्टीने पेटीतली वस्तू हीच भेट होती आणि तिला पाहणे हेच मिळणे होते. तरीही साम्य वरवरचे नाही. नाण्याने पहिल्या नोंदीचा काळ सांगितला, मूर्तींनी दुसऱ्या नोंदीचा. दोन पिढ्या नव्हे, दोन युगे एका पेटीत भेटली. आणि दुसऱ्या नोंदीत मैत्रेय आहे, म्हणजे पुढे येणाऱ्यासाठीही जागा ठेवली आहे.

तिसरा येणारा आला तो १८८२ साली, आणि त्याने पेटी परत ठेवली नाही. ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेली. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. याबद्दल भगवानलालांना दोष देणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकात जुन्या बांधकामांच्या विटा आणि दगड सर्रास घरांना आणि रस्त्यांना वापरले जात. ठेव तेथेच राहिली असती तर आज ती आपल्यापर्यंत पोहोचली असती, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. शिवाय त्यांनी जे पाहिले ते मोजून, रेखाटून, क्रमवार लिहून प्रसिद्ध केले. वहीतली नोंद त्यांनी चोख केली. पण ती नोंद मुंबईत आहे आणि कोट सोपाऱ्यात. राजोडी, नाळे, निर्मळच्या शाळांतील मुलाला आपल्या गावाशेजारच्या टेकाडाचे मर्म समजण्यासाठी चर्चगेटची गाडी पकडावी लागते. जागेवरून वस्तू हलली की वस्तूचे ज्ञान वाढते आणि जागेचे कमी होते. संग्रहालयाच्या युगाची ही किंमत आपण फार क्वचित मोजतो.

या ठिकाणी मराठी वाङ्मयातील एक उदाहरण आठवते. शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत त्या ग्रंथात पाठभेद आणि प्रक्षेप शिरले होते. नाथांनी ते निवारले आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये असे बजावले. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हे योग्यच. मूळ ग्रंथकाराचे शब्द शोधायचे तर नंतरच्यांची भर बाजूला काढावी लागते. याच न्यायाने पाहिले तर सोपाऱ्याच्या आठ मूर्ती हा प्रक्षेप ठरतो. पण त्या काढून टाकल्या तर स्तूपाचा सहाशे वर्षांचा जिवंत इतिहासच निघून जातो. लोकगीते, ओव्या, आख्याने यांचे संपादन करणाऱ्यास हाच पेच पडतो. काही रचना अशा असतात की त्यांत भर घालणे ही विटंबना. आणि काही अशा की भर न घालणे म्हणजे त्यांचे मरण. कोणती रचना कोणत्या जातीची हे ओळखणे हीच संपादकाची कसोटी आहे, आणि नाथांची थोरवी अशी की आपल्या हाती काय आहे हे त्यांनी अचूक ओळखले.

डोंगरधारेवर डबा ठेवू पाहणाऱ्याचीही कसोटी तीच आहे. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसा यांच्या मधला तो हिरवा दुवा आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून काही पुरणे वा ठेवून येणे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौकटीत बसत नाही, आणि प्लॅस्टिकचा डबा तेथील माकडांच्या हिताचाही नाही. किल्ल्यांची गोष्ट आणखी गंभीर आहे. महाराष्ट्रातील गडांवर गुप्तधनाच्या आशेने जोती उकरणाऱ्यांनी जे नुकसान केले आहे ते भटक्यांना सांगावयास नको. अशा भूमीत ‘येथे काही पुरले आहे’ एवढी वार्ताही घातक ठरते. १८७८ चा निखात-निधी कायदा आणि १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा जे सांगतात, ते खेळाच्या नियमाहून फारसे निराळे नाही: जे सापडेल ते तुमचे एकट्याचे नाही.

गंमत अशी की या खेळाने स्वतःच यावर उपाय शोधला. २००४ साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ‘अर्थकॅश’ हा प्रकार सुरू झाला. यात डबा नसतो. दिलेल्या जागी जाऊन तेथील खडक, थर, भूरूप नीट पाहायचे आणि त्याविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. न्यायचे काही नाही, ठेवायचेही काही नाही. समजले की सापडले. आमच्या मते वसईच्या टापूला हाच प्रकार साजेसा आहे. किंबहुना तो येथे फार जुना आहे, कारण ज्या भूमीतल्या वस्तू निघून गेल्या तेथे पाहणे आणि विचारणे एवढेच उरते.

प्रश्न मात्र खडकांपुरते मर्यादित असू नयेत. आकड्यांचा पत्ता जागेपर्यंत नेतो. तेथे काय पाहावे हे सांगत नाही. ‘बुरुड राजाचा कोट’ हे नाव उलट प्रकारचे आहे. त्याने जागा दाखविली, अर्थ विसरला, तरी शोधाची इच्छा जिवंत ठेवली. सामवेदी बोलीत, वाडवळीत, पूर्वेकडील पाड्यांवरच्या वारलीत धारांना, तळ्यांना, आळ्यांना, शेतांच्या बांधांना अशी किती नावे असतील याची गणती नाही. इमारतींच्या नव्या नावांखाली ती झपाट्याने पुरली जात आहेत, आणि त्यांच्याखाली सर्वेक्षणाप्रमाणे दुसरा दगड कोणी ठेवलेला नाही. वसई-विरारच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनी एका डोंगरधारेची, एका गावाची नावे त्यांच्या कथांसह आणि अक्षांश-रेखांशांसह नोंदवावीत. पुढच्या तुकडीने तीच वही घेऊन तेथे जावे, खात्री करावी, भर घालावी आणि वही परत जागेवर ठेवावी. मागच्याची नोंद खोडू नये, आपली नोंद तारखेसह वेगळी लिहावी. राजोडी ते तुंगारेश्वर हा टप्पा आरंभासाठी पुरेसा आहे.